डिझेलवरची सवलत कुणाच्या वाट्याला? वाडीतल्या धंद्याचा लिटरमागचा हिशेब

वाडी (वडोदरा) : कोयलीची रिफायनरी इथून काही फार लांब नाही. १९६५ पासून तिथं डिझेल तयार होतंय आणि बडोद्याच्या जुन्या शहरातल्या कित्येक मराठी घरांतली एखादी तरी पिढी त्या रिफायनरीत किंवा तिच्या आधाराने वाढलेल्या कारखान्यांत नोकरी करून निवृत्त झाली. पण रिफायनरी शेजारी आहे म्हणून वाडीतल्या टेम्पोवाल्याला डिझेल स्वस्त मिळत नाही. उलट काही वर्षं परिस्थिती अशी होती की गुजरातच्या रिफायनरीतलं डिझेल सीमेपलीकडे नवापूरला किंवा तारापूरला नेणारा कारखानदार लिटरमागे दहाएक रुपये कमी देऊ शकत होता, आणि त्याच रिफायनरीच्या गावात राहणारा धंदेवाला मात्र पुरा कर भरत होता.

हे बेकायदेशीर नव्हतं. कायद्यातच तशी सोय होती. ती सोय आता गेली आहे, पण 'सवलतीचं डिझेल घ्यायचं की पुऱ्या कराचं' हा प्रश्न काही गेला नाही. केटरिंग, मंडप-डेकोरेशन, जनरेटर भाड्याने देणं, छोटे टेम्पो, ट्रॅव्हल्स आणि मकरपुरा जीआयडीसीतले लहान कारखाने या सगळ्यांचा डिझेलशी रोजचा संबंध येतो. कुणीतरी सांगतं अमुक ठिकाणी ठोक भावाने मिळतं, कुणी सांगतं सीमेवर भरा, कुणी बायोडिझेलचं नाव घेतं. यातलं कायद्याने चालणारं किती, खरोखर परवडणारं किती आणि अंगाशी येणारं किती, हे तपासून पाहायला हवं.

नव्वद रुपयांत काय काय असतं

एप्रिल २०२५ नंतरची करांची रचना धरून चालू. केंद्राने त्या महिन्यात डिझेलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे दोन रुपयांनी वाढवलं, त्यामुळे केंद्राचा वाटा १७ रुपये ८० पैसे झाला. पंपावरचा भाव तेव्हा वाढला नाही, कारण कच्चं तेल उतरलं होतं. ग्राहकाला जो फायदा मिळायचा तो सरकारने घेतला, एवढाच त्याचा अर्थ.

त्यावर राज्याचा कर. गुजरातमध्ये डिझेलवर १४.९ टक्के व्हॅट आहे. महाराष्ट्रात तो २१ टक्के. आकडे असे शेजारी ठेवले की गुजरातचं डिझेल सहा टक्क्यांनी स्वस्त असणार असं वाटतं, आणि बरेच लोक तसंच धरून चालतात. पण गुजरातमध्ये व्हॅटशिवाय ४ टक्के सेस आहे, आणि तो सेस मूळ किमतीवर नाही, तर किंमत अधिक व्हॅट अशा बेरजेवर लागतो. करावर कर. हिशेब केला तर गुजरातचा खरा दर साडेएकोणीस टक्क्यांवर जातो. म्हणजे दोन राज्यांत खरं अंतर दीड टक्क्याचं.

रुपयांत बघायचं तर, कंपनीचा भाव, केंद्राचं शुल्क आणि डीलरचं कमिशन मिळून साधारण ७५ रुपये धरू. गुजरातमध्ये त्यावर राज्याचा कर १४ रुपये ६० पैशांच्या आसपास होतो, महाराष्ट्रात १५ रुपये ७५ पैसे. फरक सव्वा रुपयाच्या आत. बडोद्याच्या पंपावर लिटरला नव्वदच्या आसपास आकडा दिसतो त्यातले बत्तीस-तेहतीस रुपये असे दोन सरकारांचे.

आता खरी मेख इथे आहे. हा सगळा कर धंदेवाल्याच्या जीएसटीत कुठेच वळता होत नाही. पेट्रोल, डिझेल, कच्चं तेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन या पाच वस्तू २०१७ साली जीएसटीच्या बाहेर ठेवल्या गेल्या. घटनेच्या २७९-अ कलमात लिहिलंय की या वस्तूंवर जीएसटी कधीपासून लावायचा ती तारीख जीएसटी परिषदेने सुचवावी. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत विषय निघाला, तोही केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं म्हणून, आणि ही वेळ नव्हे असं ठरलं. म्हणजे कारखानदार स्टील घेतो, रंग घेतो, नटबोल्ट घेतो, सगळ्याचं क्रेडिट मिळतं. डिझेलचं नाही.

जनरेटर भाड्याने देणाऱ्याची गंमत तर आणखी पुढची आहे. तो भाड्याच्या बिलात डिझेलची रक्कम धरतो तेव्हा त्या रकमेवरही १८ टक्के जीएसटी लागतो. केंद्राचं शुल्क, त्यावर व्हॅट, त्यावर सेस आणि त्या साऱ्या ढिगावर जीएसटी. गिऱ्हाईक कंपनी असेल तर ती शेवटचे १८ टक्के वळते करून घेते. गिऱ्हाईक लग्नघर असेल किंवा गणपती मंडळ असेल तर सगळं त्याच्याच माथी.

एक लिटर डिझेलमधून चांगला जनरेटर साडेतीनच्या आत-बाहेर युनिट वीज काढतो. म्हणजे युनिटला पंचवीस-सव्वीस रुपये, आणि त्यातले नऊ रुपये फक्त कराचे. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला तेव्हा शहराच्या निम्म्या भागात दिवसेंदिवस लाइट नव्हती. त्या आठवड्यात ज्यांनी जनरेटरवर फ्रीज, पंप आणि दवाखाने चालवले त्यांनी विजेच्या नावाखाली बराचसा करही जाळला असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

दोन टक्क्यांचा कागद

ज्या सवलतीचा सुरुवातीला उल्लेख केला तिचं नाव सी-फॉर्म. १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्यात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नोंदणीकृत व्यापाऱ्याला माल विकला तर कर फक्त २ टक्के, अशी तरतूद आहे. पूर्वी हा दर ४ टक्के होता, २००७ मध्ये ३ आणि जून २००८ पासून २. अट एवढीच की घेणाऱ्याने तो माल पुन्हा विकायला, विक्रीसाठी वस्तू बनवायला, खाणीत, टेलिकॉमच्या जाळ्यात किंवा वीज निर्माण करायला वापरायचा आणि विकणाऱ्याला सी-फॉर्म द्यायचा.

डिझेलवर याचा अर्थ काय होतो ते बघा. तेच ७५ रुपये धरले तर महाराष्ट्रातल्या पंपावर कर पावणेसोळा रुपये. तेच डिझेल गुजरातमधून थेट टँकरने सी-फॉर्मवर आणलं तर कर दीड रुपया. वाहतूक सोडली तर लिटरला चौदा रुपयांची बचत. महिन्याला हजार लिटर जाळणाऱ्या मध्यम कारखान्याला वर्षाचे पावणेदोन लाखांच्या आसपास.

यात दोन गोष्टी वाडीच्या दृष्टीने महत्त्वाच्या. एक म्हणजे ही सवलत राज्याबाहेरच्या खरेदीवर होती. मकरपुऱ्यातल्या कारखान्याने कोयलीचं डिझेल घेतलं तर ती राज्यातली खरेदी, सी-फॉर्म नाही. त्याने मुंबईच्या बाजूने मागवलं असतं तर चाललं असतं, आणि मुंबईच्या बाजूच्याने कोयलीहून मागवलं तरी चालत होतं. टँकर एकमेकांसमोरून जाणार, कर मात्र दोघांचाही वाचणार, असला प्रकार. दुसरी गोष्ट म्हणजे कायद्यातल्या वापरांच्या यादीत वाहतूक नव्हती, केटरिंग नव्हतं, मंडपही नव्हता. म्हणजे वाडीतल्या बहुतेक धंद्यांना ही सवलत कधी लागूच झाली नाही. ती होती कारखाना, खाण आणि मोबाइल टॉवरवाल्यांसाठी. टेम्पोच्या टाकीत सी-फॉर्मचं डिझेल ओतणं हा तेव्हाही गुन्हा होता, आणि पकडलं तर कराच्या दीडपटीपर्यंत दंड.

जीएसटी आल्यावर भांडण सुरू झालं. केंद्रीय विक्रीकर कायद्यात 'वस्तू' म्हणजे आता फक्त जीएसटीबाहेरचे पाच इंधनप्रकार आणि दारू एवढंच उरलं. राज्यांनी म्हटलं, तुम्ही बनवता सिमेंट किंवा कापड, ते जीएसटीत गेलं, मग तुम्ही या कायद्याखालचे व्यापारी राहिलाच कुठे? सी-फॉर्म बंद. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये कार्पो पॉवर या वीज कंपनीच्या खटल्यात हे म्हणणं फेटाळलं. कंपनी दुसऱ्या राज्यातून नैसर्गिक वायू घेत होती, तिला सवलत मिळालीच पाहिजे असं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये सरकारची विनंती नाकारली. ऑक्टोबरमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रामको सिमेंट्सच्या प्रकरणात डिझेलच्या बाबतीत तोच निकाल दिला. व्यापारी जिंकले.

मग सरकारने जे केलं ते सरकारं नेहमी करतात. कोर्टात हरल्यावर कायदा बदलला. २०२१ च्या अर्थसंकल्पाबरोबर आलेल्या वित्त कायद्याने ती यादी छाटून टाकली. आता दोन टक्क्यांचा दर फक्त दोघांना, डिझेल पुन्हा डिझेल म्हणूनच विकणाऱ्याला आणि डिझेलसारख्या त्याच सहा वस्तू बनवणाऱ्याला. जुलै २०२१ पासून कापडवाला, प्लास्टिकवाला, खडीवाला, टॉवरवाला सगळे बाहेर. गुजरातमधून आणलंत तर गुजरातचा पूर्ण दर भरा.

सरकारचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं नाही. महाराष्ट्रातल्या कारखान्याने डिझेल गुजरातहून आणलं की महाराष्ट्राचा पावणेसोळा रुपयांचा कर बुडतो आणि गुजरातच्या हाती दीड रुपया लागतो. दोघांपैकी कुणालाच हे परवडत नव्हतं. पण डिझेल जीएसटीतही नाही आणि सी-फॉर्मही नाही, असं झाल्यावर कारखानदाराला एकही दार उरलं नाही. एक दार बंद करताना दुसरं उघडायचं असतं, ते झालं नाही.

ब्रिटनमध्ये साधारण त्याच सुमाराला असाच बदल झाला. तिकडे सवलतीच्या डिझेलमध्ये लाल रंग मिसळतात, म्हणजे टाकीत बघून कळतं कोण कुठलं डिझेल वापरतोय. एप्रिल २०२२ पासून बांधकाम आणि बहुतेक उद्योगांचा लाल डिझेलचा हक्क काढून घेतला, शेती आणि मासेमारीचा ठेवला. आपल्याकडे रंग फक्त रेशनच्या रॉकेलला, निळा. डिझेलची सवलत आपल्याकडे कागदात असते, टाकीत दिसत नाही. म्हणून गैरवापर पकडायला यंत्रणा नाही, आणि प्रामाणिक माणसालाही वर्षानुवर्षं फाइल सांभाळावी लागते.

ठोक घेतलं म्हणजे स्वस्त, हा समज

किराण्यात पोतं घेतलं की किलोला भाव कमी पडतो. डिझेलमध्ये दोनदा याच्या बरोबर उलट झालंय.

जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने तेल कंपन्यांना सांगितलं की पंपावरचं डिझेल महिन्याला पन्नास पैशांच्या आसपास वाढवा, पण ठोक ग्राहकांना बाजारभावाने द्या. ठोक ग्राहक म्हणजे रेल्वे, एसटी, मोठे कारखाने. एका रात्रीत ठोक भाव लिटरला नऊ-दहा रुपयांनी वर गेला. महाराष्ट्राच्या एसटीने मग स्वतःच्या आगारातले पंप सोडून गाड्या रस्त्यावरच्या पंपांवर पाठवल्या. मच्छीमार सोसायट्याही ठोक ग्राहकांत मोडल्या आणि किनारपट्टीवर ओरड झाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव पूर्ण मोकळा झाला तेव्हा हा दुहेरी भाव संपला.

नंतर २०२२. पाच राज्यांच्या निवडणुका होत्या, ४ नोव्हेंबर २०२१ पासून पंपावरचे भाव गोठलेले होते. तिकडे युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं, कच्चं तेल भडकलं. मार्चमध्ये कंपन्यांनी ठोक भाव एकदम पंचवीस रुपयांनी वाढवला. मुंबईत ठोक डिझेल १२२ रुपये ५ पैसे, त्याच मुंबईत पंपावर ९४ रुपये १४ पैसे. मॉल, कारखाने, बसवाले सगळे पंपावर रांगेत. खाजगी पंपांनी तोटा नको म्हणून विक्री आखडली, आणि जूनपर्यंत गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातल्या गावांत पंप कोरडे दिसू लागले. शेवटी १७ जूनला सरकारला आदेश काढावा लागला की परवाना असलेल्या प्रत्येक पंपाने ठरलेल्या वेळेत, ठरलेला साठा ठेवून सगळ्यांना विकलंच पाहिजे.

म्हणजे स्वतःचा पंप किंवा ठोक करार हा शांत काळात सोयीचा असतो. डिझेल दारात येतं, मोजमाप हातात राहतं, ड्रायव्हरच्या चोऱ्या कमी होतात. पण भावात मोठी सवलत मिळते म्हणून तो घ्यायचा असेल तर २०१३ आणि २०२२ विसरून चालणार नाही. पंपावरच्या भावामागे मतदार असतो. ठोक भावामागे कुणी नसतं.

साठ्याचंही एक गणित आहे. पेट्रोलियम कायद्यात डिझेल 'ब' वर्गात येतं. एकूण अडीच हजार लिटरपर्यंत, आणि कुठलंही एक भांडं हजार लिटरपेक्षा मोठं नसेल, तर परवाना लागत नाही. त्याच्या पुढे परवाना. वाडीसारख्या दाट वस्तीत, जिथं खाली गोडाऊन आणि वर घर, तिथं कायद्याने चालतं म्हणून दोन हजार लिटर भरून ठेवणं शहाणपणाचं नाही.

सीमेवरची टाकी

नवापूरच्या स्टेशनची निम्मी इमारत महाराष्ट्रात आणि निम्मी गुजरातमध्ये, हे या भागातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पेट्रोलचंही तसंच व्हायचं राहिलंय. महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैसे, त्यामुळे दोन्हीकडच्या भावात आठ-दहा रुपयांचा फरक. नवापूरची दुचाकी उच्छलच्या बाजूला पेट्रोल भरायला जाते ती उगाच नाही.

डिझेलची गोष्ट मात्र बदलली आहे, आणि हे अनेक वाहनमालकांच्या अजून ध्यानात आलेलं नाही. मे २०२२ मध्ये मुंबई आणि अहमदाबाद यांच्यात डिझेलचं अंतर पाच रुपयांचं होतं. जुलै २०२२ मध्ये शिंदे सरकारने डिझेल तीन रुपयांनी उतरवलं. मग २०२४ च्या अर्थसंकल्पात अजित पवारांनी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा डिझेल व्हॅट २४ वरून २१ टक्क्यांवर आणला. परिणाम असा की मुंबईचं डिझेल गुजरातच्या बरोबरीला आलं, कधी काही पैसे खालीच. नंदुरबार-धुळ्याकडे वाहतूक खर्च धरून गुजरातपेक्षा रुपया-दोन रुपये जास्त.

तीनशे लिटरच्या टाकीवर दीड रुपया म्हणजे साडेचारशे रुपये. सुरत-धुळे रस्त्याने जाणारा ट्रक सोनगडला थांबून टाकी भरतो ते बरोबरच आहे, वाटेत आहे. पण त्यासाठी वाट वाकडी करायची किंवा तासभर रांगेत उभं राहायचं, एवढा तो फरक राहिलेला नाही.

कोल्हापूर-बेळगावच्या वाचकांनी आपलं गणित याहून जास्त बदललंय हे पाहिलंच असेल. कर्नाटकात डिझेल स्वस्त, निपाणीत भरा, ही वर्षानुवर्षांची सवय. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने डिझेलवरचा कर १४.३४ वरून १८.४ टक्क्यांवर नेला, भाव तीनेक रुपयांनी वाढला. एप्रिल २०२५ मध्ये तो २१.१७ टक्के झाला, आणखी दोन रुपये. म्हणजे आता कर्नाटकाचा दर महाराष्ट्रापेक्षा किंचित जास्तच. निवडणुकीतल्या योजनांना पैसा लागतो, तो पंपावर काढला जातो. पक्ष कुठलाही असो.

बिलाशिवायचं डिझेल

आता ज्याबद्दल उघड बोललं जात नाही तो भाग. हायवेवर, धाब्याच्या मागे, कधी गोडाऊनमधून पाच-दहा रुपये कमीने डिझेल मिळतं. ते कुठून येतं याची उत्तरं ठरलेली आहेत. टँकरमधून काढलेलं, मच्छीमारांच्या सवलतीतून गळालेलं, रॉकेल मिसळलेलं, किंवा 'बायोडिझेल' या नावाखाली विकलं जाणारं कुठलंतरी बेस ऑइल. गुजरातमध्ये या शेवटच्या प्रकाराने इतका जोर धरला होता की २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री विजय रूपाणी यांच्या सरकारला राज्यभर कारवाईची मोहीम घ्यावी लागली. खऱ्या बायोडिझेलवर व्हॅट नाही, जीएसटी आहे. त्या फरकाच्या आडोशाला हा धंदा वाढला.

मनमाडजवळ पानेवाडीत काय घडलं ते नाशिक-धुळ्याकडच्या लोकांना सांगायला नको. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी इंधन भेसळ करणाऱ्यांना हटकलं आणि त्यांना भर दिवसा जिवंत जाळलं गेलं. लिटरमागच्या फरकाची ही किंमत होती.

मच्छीमारांबद्दल एक वाक्य वेगळं लिहायला हवं, कारण त्यांच्या सवलतीवर सगळेच बोट दाखवतात. महाराष्ट्रात मच्छीमार आधी पुऱ्या कराचं डिझेल घेतो आणि कराचा परतावा नंतर मिळतो. तो परतावा थकणं ही पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंतची जुनी तक्रार आहे. कागदावर सवलत त्याची, पण तोवर सावकाराचं व्याज तोच भरतो.

बिलाशिवायच्या डिझेलचा हिशेब कॉमर्सच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही करता येईल, पण कुणी करत नाही. समजा पंपावर ९० आणि मागच्या दाराने ८०. दहा रुपये वाचले. पण बिल नाही म्हणून ते ८० रुपये खर्चात दाखवता येत नाहीत. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला त्यावर चोवीस रुपये आयकर जास्त बसतो, आणि पंपावरच्या ९० रुपयांवर जो सत्तावीस रुपयांचा कर वाचला असता तोही गेला. म्हणजे पंपाचं डिझेल त्याला निव्वळ ६३ रुपयांना पडतं आणि मागच्या दाराचं ८० लाच. पक्कं बिल घेतलं तरी रोखीने एका दिवसात एकाच विक्रेत्याला दहा हजारांवर रक्कम दिली तर खर्च नाकारला जातो, हेही ध्यानात ठेवायचं. पंपावर कार्डाने किंवा खात्यातून भरणं म्हणूनच बरं.

मग हा धंदा चालतो कसा? कारण हे गणित सगळ्यांना लागू नाही. दहापर्यंत मालगाड्या असलेला वाहनमालक आयकर कायद्याच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत जाऊ शकतो. छोट्या गाडीमागे महिन्याला साडेसात हजार उत्पन्न धरून कर भरायचा, वह्या ठेवायच्या नाहीत. त्याच्या खर्चाचं बिल कुणी विचारत नाही. त्याला मागच्या दाराचे दहा रुपये खरेच वाचतात. गुजराती व्यापारी ज्याला नामुं म्हणतात ते ज्याच्याकडे लिहिलं जात नाही, तोच या डिझेलचा गिऱ्हाईक. लहान माणसाला कागदपत्रातून सूट द्यावी हे योग्यच, पण त्या सुटीने भेसळवाल्याला आयता बाजार मिळवून दिला हेही खरं.

त्याला थांबवणारी एक गोष्ट आहे, आणि ती कायदा नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या भेसळ सोसत नाहीत. इंजेक्टर, हायप्रेशर पंप, सायलेन्सरमधला फिल्टर यातलं काहीही गेलं की वर्षभराची बचत एका गॅरेजच्या बिलात जाते. जुनी गाडी काहीही पचवायची, नवी पचवत नाही.

मग वाडीतल्याने काय करावं

टेम्पोवाल्याला पंपाशिवाय गत्यंतर नाही. जास्तीत जास्त एक्स्ट्रापॉवर, स्मार्टफ्लीट किंवा ड्राइव्ह ट्रॅक प्लससारखं कंपनीचं फ्लीट कार्ड. त्यातली सवलत थोडी, पण महिन्याचा सगळा हिशेब गाडीवार छापून मिळतो आणि रोखीचा प्रश्न उरत नाही. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने पुढची गाडी घेताना सीएनजीचा 'छोटा हत्ती' नक्की बघावा. गुजरातने ऑक्टोबर २०२२ मध्ये सीएनजी आणि पाइप गॅसवरचा व्हॅट १५ वरून ५ टक्क्यांवर आणला, महाराष्ट्राने त्याच वर्षी एप्रिलपासून १३.५ वरून ३ टक्के. डिझेलवर सवलत शोधत बसण्यापेक्षा कमी कराचं इंधनच घेणं हा आजचा सगळ्यात सरळ आणि कायदेशीर मार्ग आहे.

केटररच्या स्वयंपाकघरालाही हेच लागू. ज्या गल्लीत पाइप गॅस आला आहे तिथं डिझेल भट्टी चालवणं आता निव्वळ सवय म्हणून होतं. जनरेटरवाल्याला मात्र पर्याय कमी. त्याने गिऱ्हाइकाशी बोलताना भाडं आणि डिझेल यांचा करार कसा लिहायचा ते सीएला विचारून ठरवावं. डिझेल कोण आणणार आणि कोण भरणार यावर जीएसटी किती रकमेवर लागेल ते ठरतं, आणि यावरून वाद कोर्टापर्यंत गेलेले आहेत. नवरात्रीच्या नऊ रात्री चालणाऱ्या सेटच्या बिलात हा फरक काही हजारांचा होतो.

कारखानदारासाठी थोडं वेगळं. बॉयलर किंवा भट्टीत डिझेल जळत असेल तर फर्नेस ऑइल आणि लाइट डिझेल ऑइल या दोन्ही वस्तू जीएसटीत आहेत, १८ टक्के कर लागतो पण क्रेडिट मिळतं. हायस्पीड डिझेलवरचे साडेएकोणीस टक्के मात्र पूर्ण बुडीत. यंत्राला चालत असेल आणि प्रदूषण मंडळाची संमती असेल तर कागदावरचा भाव बघण्याऐवजी क्रेडिट वजा जाऊन उरणारा भाव बघावा. अनेकदा महाग दिसणारं इंधन स्वस्त निघतं.

आणि ज्यांनी २०१७ ते २०२१ या काळात दुसऱ्या राज्यातून सी-फॉर्मवर डिझेल आणलं त्यांनी त्या फाइली अजून टाकू नयेत. फॉर्म तिमाहीप्रमाणे द्यायचा असतो. एखाद्या तिमाहीचा राहिला तर विकणाऱ्याकडून पूर्ण दराचा फरक मागितला जातो, आणि तो तुमच्याकडे येतो. अशा जुन्या आकारणीच्या नोटिसा पाच-सात वर्षांनी येण्याचा प्रकार नवा नाही. खरेदीची बिलं, टँकरची पावती, फॉर्मची प्रत आणि ते डिझेल कुठल्या यंत्रात वापरलं त्याची नोंद, हे चार कागद एका ठिकाणी बांधून ठेवलेले बरे.